न संपणारें पान



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतून पुष्कळ तरुण शिकून मुंबईच्या उपनगरांत राहावयास गेले आहेत. अंधेरी पूर्वेस १९७३ सालीं इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं सीप्झ नांवाचें क्षेत्र स्थापन झालें; पुढें तेथें व आसपास संगणकाच्या कामाचीं मोठमोठीं कार्यालयें उभीं राहिलीं. घाटकोपरहून अंधेरीस जाणारी मेट्रो २०१४ सालीं सुरू झाली. तींतून असे कित्येक तरुण रोज कामावर जातात. त्यांतील कांहीं वेब डेव्हलपर आहेत. हें काम कसलें, हें गांवाकडील आईबापांस ठाऊक नसतें. मुलगा सुटींत घरीं आला तरी मोबाइलकडेच पाहतो, एवढेंच त्यांस दिसतें व मन दुखावतें. म्हणून आजच्या धड्यांत ह्या कामाचा व घराचा विचार करूं.

१. हें मनुष्याच्या हातचें काम आहे. सुतार जसें लाकूड घडवितो, तसा वेब डेव्हलपर मोबाइलवर दिसणारें पान घडवितो. जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थानें १९८९ सालीं ठिकठिकाणच्या संगणकांवरील लेख एकमेकांस जोडण्याची योजना मांडली. १९९३ सालीं त्या संस्थेनें ती सर्वांस विनामूल्य खुली केली. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें. तेव्हां मोबाइल हा देवहि नव्हे व सैतानहि नव्हे. कोणता खिळा कोठें ठोकला आहे हें सुतारास ठाऊक असतें. म्हणून आपण केलेल्या वस्तूस तो भीतहि नाहीं व तिला नमनहि करीत नाहीं.

२. पान संपूं नये असेंच तें केलेलें असतें. वर्तमानपत्राचें शेवटचें पान वाचून झालें म्हणजे वाचक त्याची घडी घालतो व कामास लागतो. परंतु २००६ सालीं आझा रास्किन ह्या अमेरिकन कारागिरानें एक निराळी रीति योजिली. बोट पानाच्या तळाशीं येऊं लागलें कीं, पानांत लिहिलेली सूचना दूरच्या संगणकाकडून पुढला मजकूर आधींच मागवून घेते. त्यामुळें तळ कधीं लागतच नाहीं. हेतु सोयीचा होता. पण लोकांचा किती वेळ त्यांत जातो हें पाहून त्यानेंच पुढें जाहीरपणें खेद व्यक्त केला. जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्यांस, डोळे जितका वेळ खिळून राहतील तितका लाभ. म्हणून एकाच पानाचे दोन नमुने करून ते निरनिराळ्या लोकांस दाखवितात, व ज्यानें लोक अधिक वेळ थांबतात तो ठेवितात. मोबाइलची घंटी वाजते तीहि कोणीतरी ठरविली म्हणून वाजते. जी एकानें ठरविली, ती दुसऱ्यास बंद करितां येते.

३. दोन घड्याळांचा चाकर. ह्या कार्यालयांचीं पुष्कळ गिऱ्हाइकें अमेरिकेंत आहेत. मुंबईंत रात्रीचे आठ वाजतात तेव्हां न्यूयॉर्क येथें हिवाळ्यांत सकाळचे साडेनऊ व उन्हाळ्यांत साडेदहा वाजलेले असतात. ज्या घटकेस आपण प्रार्थनेस बसतों, त्याच घटकेस तिकडील कचेरी उघडते, व मुलुंडमधील आपल्या मुलास ताटावरून बोलावणें येतें. त्यास आळशी किंवा उद्धट म्हणण्यापूर्वीं आईबापांनीं हें ध्यानांत घ्यावें.

तथापि निर्गमाच्या २० व्या अध्यायांतील चौथी आज्ञा पाहा. तींत विश्रांति केवळ घरधन्यास दिलेली नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें व वेशीच्या आंतील परका, सर्वांस दिली आहे. म्हणजे विश्रांति ही काम संपल्यावर उरलेली शिळी भाकरी नव्हे. ती नेमून दिलेला वांटा आहे. आणि ज्याच्या हाताखालीं चार माणसें आहेत, त्यानेंहि त्यांस अवेळीं बोलावूं नये.

४. मग काय करावें? मोबाइल फेंकून देऊं नये. त्याच्याच योगें गांवांतील आजी बोरिवलीच्या नातवाची प्रार्थना ऐकते. पण पानास शेवट नाहीं, म्हणून शेवट घरानें घालावा. वरिष्ठांस सांगून दिवसाची अर्धी घटका तरी राखून ठेवावी. रात्रपाळी असेल तर ती सकाळीं असो. कौटुंबिक उपासना दिवेलागणीसच बांधलेली नाहीं. त्या वेळीं घरांतील सर्व मोबाइल एका फळीवर ठेवावे, व पहिला बापाचा असावा. लेंकरूं आज्ञेनें जितकें शिकतें, त्याहून अधिक बापाच्या डोळ्यांकडे पाहून शिकतें. गांवाकडील आईबापांनीं मुलास केवळ पगार विचारूं नये. तूं काय घडवितोस, केव्हां निजतोस, हेंहि विचारावें. उपदेशकांनीं भेटीस जातांना त्यांच्या कामाच्या वेळा आधीं समजून घ्याव्या.

विचारासाठीं प्रश्न :

(१) आपल्या घरीं सर्व माणसें एकत्र बसतात अशी घटका कोणती? ती कोण मोडतो?

(२) चौथ्या आज्ञेंत दास व परका ह्यांचीं नांवें कां आलीं असावीं?

(३) शहरांतील मुलाशीं आपण शेवटचें बोललों तेव्हां त्याच्या कामाविषयीं काय विचारलें?