आरोग्य सल्ला : टेस्टच्या फोल्डरमधली जुनी औषधं

वारासिवनीहून एका तरुण वाचकाने विचारलं आहे : नागपूरच्या एका कंपनीचं जावाचं काम घरूनच करतो. जावाची आवृत्ती बदलायला घेतली की मुख्य कोड ठणठणीत राहतो आणि टेस्टच आजारी पडतात. लायब्रऱ्या उतरवताना हॉटस्पॉटचा डेटाही संपतो. काय करू?

डेटाचं आधी सांगतो. नागपूरला ऑफिसात गेलात की पूर्ण बिल्ड तिथेच चालवून या. मेव्हन उतरवलेल्या फाइली लॅपटॉपवर साठवतो, घरी ऑफलाइन चालतं.

आता मूळ दुखणं. वयस्क रुग्णाला मी आधी औषधांची पिशवी रिकामी करायला लावतो. निम्म्या गोळ्या कुणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या आणि बंद करायला कुणी सांगितलंच नाही म्हणून चालू असलेल्या. तुमच्या पोम फाइलमधल्या लायब्रऱ्यांच्या यादीचंही तेच झालं असणार. एका टेस्टमध्ये फाइल वाचायला कॉमन्स-आयओ आली, यादी बनवायला ग्वावा आली. तेव्हा ते योग्यच होतं. पण छोटी यादी एका ओळीत बनवण्याची सोय जावा ९ मध्ये, २०१७ साली आली आणि अख्खी फाइल एका ओळीत वाचण्याची जावा ११ मध्ये, २०१८ साली. एक-दोन ओळींसाठी ठेवलेली लायब्ररी काढून टाका.

मॉकिंगसाठी पॉवरमॉक असेल तर संशयित तोच. तो क्लास लोड होतानाच त्यात ढवळाढवळ करतो, म्हणून नव्या जावावर अडतो. जेयुनिट ४ सुद्धा सोडू देत नाही. स्टॅटिक मेथड मॉक करणं २०२० पासून मॉकिटोलाच जमतं. अर्थात, जागोजागी स्टॅटिक मॉक करावं लागत असेल, तर रोग मुख्य कोडमध्ये आहे.

‘टेस्टच्या लायब्रऱ्या ग्राहकाकडे जातच नाहीत’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण तुमच्या लॅपटॉपवर आणि बिल्ड सर्व्हरवर त्या चालतात. जावास्क्रिप्टमधली ईएसलिंट-स्कोप ही निव्वळ डेव्हलपरच्या कामाची लायब्ररी. जुलै २०१८ मध्ये तिच्या एका बाधित आवृत्तीने, नुसती इन्स्टॉल होताच, डेव्हलपरांचे एनपीएमचे टोकन चोरले.

मेव्हनचा ‘डिपेंडन्सी ॲनालाइझ’ रिपोर्ट काढा, पण नुसत्या रिपोर्टवर उपचार करू नका. तो कंपाइल झालेला कोड पाहतो. एच-टू डेटाबेसचा ड्रायव्हर चालताना नावाने लोड होतो, म्हणून रिपोर्टात बिनकामाचा दिसतो. एका वेळी एकच लायब्ररी काढा, सगळ्या टेस्ट चालवा, मग पुढची.

जेयुनिट आणि मॉकिटो रोजच्या कामाचे, ते चालू ठेवा. घरगुती उपायांचाही अतिरेक नको. चार ओळींचा हेल्पर ठीक. दोन जेसनची तुलना करणारा कोड स्वतः लिहायला बसलात, तर आधी त्याच्याच टेस्ट लिहाव्या लागतील.