उत्तर आले, पण पडताळा घेतला का?

छात्रांनो, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. सूत्र पाठ असते, आकडेमोडही बहुतेक ठिकाणी बरोबर असते, तरी गुण जातात. उत्तर मिळताच पेन पुढच्या प्रश्नाकडे वळते आणि मूळ प्रश्न पुन्हा कोणी वाचत नाही. म्हणून आज दोन उदाहरणे सोडवू आणि दोन्हींत शेवटची ओळ पडताळ्याची ठेवू.

पहिले उदाहरण तुमच्याच परीक्षेचे आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचे १२० प्रश्न आणि ३०० गुण असतात. वेळ अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. बरोबर उत्तराला अडीच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ५/६ गुण कापला जातो. समजा, एका छात्राने ९० प्रश्न सोडवले आणि त्याला १२५ गुण मिळाले. तर त्याची बरोबर किती आणि चूक किती?

आधी चलांचा अर्थ शब्दांत लिहा: क्ष = बरोबर उत्तरे, य = चुकीची उत्तरे. मग समीकरणे मांडा.

क्ष + य = ९०
(५/२)क्ष − (५/६)य = १२५

दुसऱ्या समीकरणाला ६ ने गुणून ५ ने भागले की ३क्ष − य = १५० मिळते. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की ४क्ष = २४०. म्हणून क्ष = ६०, य = ३०.

पडताळा: ६० × २.५ = १५०; ३० × ५/६ = २५; १५० − २५ = १२५. बरोबर.

आता घाईत वजाचे चिन्ह अधिक झाले असे समजा. ३क्ष + य = १५० घेतले, तर क्ष = ३०, य = ६० येते. बेरीज ९० होतेच, त्यामुळे उत्तर खरे वाटते. पण गुण मोजा: ७५ − ५० = २५. १२५ कुठे आणि २५ कुठे! ही चूक पकडायला दहा सेकंद पुरतात. आणखी एक बघा: त्या ३० चुकांनी २५ गुण नेले. ते भरून काढायला दहा प्रश्न बरोबर सोडवावे लागतात. खात्री नसलेले प्रश्न केवळ अंदाजाने का सोडवू नयेत, हे याच समीकरणात आहे.

दुसरे उदाहरण नर्मदाकाठचे. शिबिरासाठी १२० मीटर दोर आहे. नदीची बाजू मोकळी ठेवून उरलेल्या तीन बाजूंना दोर लावून आयत आखायचा आहे. मात्र काठावर सपाट जागा ४० मीटरच आहे, पुढे खडक आहेत. क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती?

काठालगतची लांबी ल, काठापासून आतली रुंदी र. ल + २र = १२०, म्हणून

क्षेत्रफळ = ल(१२० − ल)/२ = ६०ल − ल²/२

याचे विकलन, ज्याला वर्गात आपण डेरिव्हेटिव्ह म्हणतो, ६० − ल. ते शून्य घेतले की ल = ६०, र = ३०, क्षेत्रफळ १८०० चौरस मीटर. बहुतेक जण इथेच थांबतात. आता प्रश्न पुन्हा वाचा: ल ४० पेक्षा जास्त असूच शकत नाही. ० ते ४० या टप्प्यात ६० − ल सतत धन आहे, म्हणजे क्षेत्रफळ वाढतच जाते. म्हणून महत्तम मूल्य टोकाला, ल = ४० वर. तेव्हा र = ४० आणि क्षेत्रफळ १६०० चौरस मीटर. विकलन चुकले नव्हते, प्रश्नातली अट सुटली होती.

हे दोन्ही विषय आपल्याला परके नाहीत. सन ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी बीजगणितात अनेक अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन समीकरणे सोडवली. ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती जिथे सर्वाधिक, तिथे तिच्यातला त्या क्षणीचा बदल शून्य, हेही त्यांनी ओळखले होते. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथल्या शिलालेखात ती नोंद आहे.

सरावासाठी एक प्रश्न: भेडाघाटला एक नाव प्रवाहाविरुद्ध ६ किलोमीटर आणि प्रवाहाबरोबर १२ किलोमीटर मिळून ४ तासांत जाते, तर प्रवाहाविरुद्ध ९ आणि प्रवाहाबरोबर ९ किलोमीटर मिळून साडेचार तासांत. संथ पाण्यातला नावेचा वेग आणि प्रवाहाचा वेग काढा. प्रवाहाविरुद्धचा आणि प्रवाहाबरोबरचा अशा दोन्ही वेगांचे व्यस्त अंक नवीन चल म्हणून घ्या, गणित सोपे होईल.

पालकांना एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी "उत्तर आलं" म्हणाली, की "किती आलं?" असे न विचारता "पडताळा घेतलास का?" असे विचारा. गणित तुम्हाला येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो.