टोपणनावाखाली झाकलंय काय?

जपान म्हणजे उगवत्या सूर्याचा देश, नॉर्वे मध्यरात्रीच्या सूर्याचा, थायलंड पांढऱ्या हत्तींचा! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला ही टोपणनावं आधी इंग्रजीत पाठ झाली, मराठीत नंतर. जी.के.च्या पेपरात एका नावाला एक मार्क मिळायचा. पण हे नाव ठेवलं कोणी, हा प्रश्न काही कधी आला नाही.

मित्रहो, जपानचंच बघा. जपानी माणसाला सूर्य आपल्या देशात नाही, समुद्रावर उगवताना दिसतो. ‘जपानमध्ये सूर्य उगवतो’ हे चीनच्या बाजूनं पाहिलं तरच खरं. म्हणजे मेकॅनिक्समधली फ्रेम ऑफ रेफरन्स इथेही आलीच! जपाननं मात्र ते नाव आनंदानं घेतलं आणि सूर्य झेंड्यावर लावला.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्द अमेरिकन लेखक ओ. हेन्री यांनी १९०४ साली आपल्या पुस्तकात वापरला. त्याआधी ते होंडुरासमध्ये राहून आले होते. मध्य अमेरिकेत केळीच्या बागा आणि रेल्वे अमेरिकन कंपन्यांच्या हातात गेल्या, सरकारंही त्यांच्या तालावर चालू लागली. कंपन्या अमेरिकेच्या, पण बदनामी चिकटली त्या छोट्या देशांना!

आता आमच्या जुन्नरला या. १६३० साली शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला, म्हणून आम्ही ‘शिवजन्मभूमी’. हे बिरुद आम्ही स्वतः मिरवतो. २०१८ साली शासनानं ‘पर्यटन तालुका’ जाहीर केला, तो पाहुण्यांसाठी. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि चिल्हेवाडी यांच्यामुळे आम्ही ‘पाच धरणांचा तालुका’. आणि होस्टेलवर विचाराल तर ‘बिबट्यांचा तालुका’!

ही शेवटची दोन नावं एकाच घरातली आहेत. धरणं झाली, कालवे आले, कालव्यामागून ऊस आला. उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली, पाणी मिळालं, वस्तीवरची कुत्री-शेळ्या मिळाल्या. मादी पिल्लंसुद्धा उसातच घालते. म्हणजे बिबट्या आमच्याकडे नुसता आला नाही, आपण त्याला घर बांधून दिलं. चेष्टेत म्हटलेल्या त्या नावाखाली रात्रीची वीज आली की दारं धरायला उसात जाणारा शेतकरी आहे, आणि अंगणातून उचलून नेलेली पोरंही आहेत.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याची तर आणखी वेगळी गोष्ट. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. नाव उरलं, गाव नाही.

माळीणचं उलट झालं. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. तेव्हापासून ‘माळीण’ हे गावाचं नाव कमी आणि दुर्घटनेचं जास्त झालं. २०२१ साली तळीये आणि २०२३ साली इर्शाळवाडी इथे दरडी कोसळल्या, तेव्हाही लोकांच्या तोंडी ‘दुसरं माळीण’ हेच शब्द होते. पण २०१७ मध्ये नवीन माळीण उभं राहिलं. तिथे आज लोक राहतात, भात लावतात. त्यांनी आपलं गाव विचारल्यावर सांगायचं तरी काय?

टोपण म्हणजे झाकणसुद्धा. म्हणून कुठलंही टोपणनाव ऐकलं की तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. नाव ठेवलं कोणी? कुठे उभं राहून ठेवलं? आणि त्याखाली काय झाकलं गेलं? आपल्या होस्टेलवर निम्म्या पोरांना गावावरून नावं पडलेली आहेत, त्यामुळे प्रॅक्टिकलसाठी लांब जायची गरज नाही. एखाद्याला त्याच्या तालुक्यावरून हाक मारण्याआधी दोन मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि तिथे पाऊस किती पडतो, पीक काय येतं, रात्री भीती कशाची वाटते, एवढं तरी विचारा.