हिकमत आणि ईश्वराचा धाक

‘हिकमत’ हा शब्द आपल्या मराठीत सर्रास चालतो. अडचणीतून युक्तीने वाट काढतो तो हिकमती. परंतु हा शब्द ज्या अरबी भाषेतून आला, तेथे हिकमत म्हणजे शहाणपण, बऱ्यावाइटाची खरी पारख. ‘हकीम’ हाही त्याच धातूचा. पूर्वी तो वैद्यास आणि ज्ञानी पुरुषासही लावीत. शब्द आपल्याकडे येता येता त्याचा अर्धा अर्थ वाटेत गळाला. गळाले ते काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पवित्र कुराणाचा 31 वा अध्याय लुकमान यांच्या नावाने आहे. बहुतेक भाष्यकार त्यांस पैगंबर मानीत नाहीत. परंपरेत कोणी त्यांस सुतार म्हणतात, कोणी मेंढपाळ. म्हणजे हातावर पोट असलेला माणूस. अशा माणसास ईश्वराने हिकमत दिली, आणि तिची पहिली खूण सांगितली ती कृतज्ञता. पुढे लुकमान आपल्या मुलास उपदेश करतात. ईश्वर एकच मानावा, आईबापांशी नीट वागावे, हे तर आहेच. पण आम्हांस त्यातील मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त फार मोलाचा वाटतो. मोहरीएवढे कर्म खडकाच्या पोटात दडलेले असले तरी ईश्वर ते बाहेर आणतो, असा त्याचा भावार्थ. त्यानंतर चाल कशी असावी, आवाज किती असावा, येथपर्यंत उपदेश उतरतो. (गाढवाच्या ओरडण्याचा उल्लेख आला की मुले हटकून हसतात, आणि तेवढे त्यांच्या जन्मभर लक्षात राहते.) हजरत सुलेमान यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या हिब्रू नीतिवचनांतही ज्ञानाचा आरंभ ईश्वराच्या धाकापासूनच केलेला आहे.

येथे धाक आणि भय यांतील अंतर ध्यानी घ्यावे. भय शिपायाचे असते. शिपाई वळणाआड गेला की ते संपते. वडिलांचा धाक वडील परगावी गेले तरी घरात राहतो, कारण त्याच्या मुळाशी प्रेम व आदर असतो. अरबीतील ‘तकवा’ या शब्दाचे मूळ स्वतःस जपणे, सांभाळणे असे आहे. कोणी पाहत नसताना स्वतःस सांभाळणे, हेच ते गळालेले अर्धे.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याचा व्यापार मोठा. पेटीत वर टपोरी फळे व तळाशी बारीक फळे भरणारा माणूस हिकमती खरा, मराठी अर्थाने. मापात पाप म्हणतात ते हेच. न्यासाच्या पैशाचेही तसेच. सार्वजनिक न्यासांचा कायदा आपल्या राज्यात 1951 पासून आहे. तो हिशेब मागतो, पावत्या पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मदतीसाठी दारी आलेल्या विधवेस किती वेळ उभे ठेवले, मदत देताना तिला चारचौघांत ओशाळे केले काय, हे कोणत्याही पावतीवर उमटत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. आम्ही याच मातीचे, म्हणून बोलतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यास झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. शेकडो माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. गोट्यांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्न प्रशासनाने केला, तो टिकला नाही. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी गोटमार आहेच. चंडीमातेपुढे श्रद्धेने हात जोडणारा तरुण एकटा असता तर दुसऱ्याच्या डोक्यात गोटा घालता काय? गर्दीत मात्र त्याला वाटते, आपला गोटा कोणता हे कोणास कळणार! मोहरीचा दाणा तो येथेच विसरतो. हा दोष एकाच समाजाचा नव्हे. नमाज आटोपून मशिदीच्या पायरीवरच शेजाऱ्याची निंदा सुरू करणारे आमच्यातही थोडे नाहीत, आणि तेही चौघांत मिसळूनच बोलतात.

बंदी, बंदोबस्त आपल्या जागी असोत. आमची सूचना लहानशी आहे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी वडील मंडळींनी मुलांस जवळ बसवावे, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर कोण कोण उभे असते ते नावानिशी सांगावे: कोणाचा मामा, कोणाच्या आत्याचे यजमान, कोणाचा शाळेतील सोबती.