अशिलासाठी केलेला अभ्यास

वकिलाकडे येतो तो अशील, दुकानदाराकडे येते ते गिऱ्हाईक आणि वैद्याकडे येतो तो रोगी. मानवशास्त्रज्ञाकडे काम घेऊन येणाऱ्यास काय म्हणावे, ह्यासाठी मात्र मराठीत एखादा शब्द रुळलेला नाही. मानवशास्त्रज्ञ पूर्वी आपणहून दूरच्या एखाद्या वस्तीत जाई, तेथे वर्ष दोन वर्षे राही आणि परत येऊन ग्रंथ लिही. त्याला बोलावणारे कोणी असलेच तर ते बहुधा वसाहतीचे सरकार असे, आणि ज्यांच्या घरी तो राहावयाचा त्यांची संमती घेण्याची रीत फारशी नव्हती. पुढील विवेचनात ‘अशील’ हाच शब्द वापरला आहे. तो पुरता समर्पक नाही. वकिलाची निष्ठा अशिलाशी असते. प्रतिपक्षाचे हित सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र काम देणारा एक असतो आणि ज्यांचा अभ्यास करावयाचा ते बहुतेक वेळा दुसरेच असतात.

अमेरिकेत ह्या शास्त्राचा व्यवहारात उपयोग करण्याचे प्रयत्न जुने आहेत. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न येथील कारखान्यातील प्रसिद्ध पाहणीला १९३० नंतरच्या सुमारास लॉइड वॉर्नर ह्या मानवशास्त्रज्ञाचा सल्ला लाभला होता. उपयोजित मानवशास्त्राची संस्था १९४१ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मार्गारेट मीड ह्यांनी लोकांच्या आहारविषयक सवयींचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचे काम पाहिले. तथापि हे सारे नावाजलेल्या विद्वानांचे काम होते. पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या गरजेचा प्रश्न हाती घ्यावा, ही कल्पना निराळ्या वाटेने आली.

ह्या संदर्भात १९४८ च्या उन्हाळ्याचा उल्लेख करावा लागतो. शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक सोल टॅक्स ह्यांनी आयोवा राज्यातील टामा गावाजवळ राहणाऱ्या मेस्क्वाकी लोकांमध्ये आपले मोजके पदव्युत्तर विद्यार्थी पाठविले. सरकारी दप्तरात ह्या लोकांना फॉक्स म्हणत, म्हणून हा उपक्रम फॉक्स प्रकल्प ह्या नावाने ओळखला जातो. मेस्क्वाकींची गोष्ट इतर इंडियन जमातींहून वेगळी होती. सरकारने नेमून दिलेल्या राखीव भूमीवर ते राहत नव्हते. १८५७ मध्ये त्यांनी पदरचे पैसे देऊन ८० एकर जमीन विकत घेतली आणि ती पुढे वाढवीत नेली. टॅक्स ह्यांनी स्वतःच्या प्रबंधासाठी १९३० नंतरच्या दशकात तेथेच काम केले होते. विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्याची उमेदवारी करावी, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता.

परंतु विद्यार्थी तेथे गेल्यावर अस्वस्थ झाले. शेजारच्या गोऱ्या वस्तीला हे लोक करदात्यांवरील ओझे वाटत. आज ना उद्या ते आपल्यात मिसळून नाहीसे होतील, अशी तेथे सर्वसाधारण समजूत होती. मेस्क्वाकींना तसे नाहीसे व्हावयाचे नव्हते. अशा वेळी केवळ नातेसंबंधांची कोष्टके भरीत बसणे विद्यार्थ्यांना रुचेना. आम्ही ह्या लोकांसाठी काही करावे की नाही, असा प्रश्न त्यांनी आपल्या प्राध्यापकांना केला. त्या काळी ह्याचे ठरलेले उत्तर नकाराचे होते, कारण हस्तक्षेपाने निरीक्षण बिघडते असे मानीत. टॅक्स ह्यांनी होकार दिला. मदत करणे आणि शिकणे ही दोन्ही उद्दिष्टे सारख्याच तोलाची मानावीत, हे त्यांचे सूत्र पुढे कृतिशील मानवशास्त्र म्हणून प्रसिद्धीस आले. हा प्रकल्प १९५९ पर्यंत चालला. त्यातून मेस्क्वाकी तरुणांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या, टामाक्राफ्ट नावाचा हस्तव्यवसाय उभा राहिला आणि गोऱ्या शेजाऱ्यांचे गैरसमज दूर करण्याचीही खटपट झाली. ह्या उपक्रमांचे श्रेय किती मानावे ह्याविषयी मतभेद आहेत. त्याच परिसरात वाढलेले मानवशास्त्रज्ञ डग्लस फोली ह्यांनी १९९९ मध्ये त्यांचे फेरमूल्यमापन केले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मेस्क्वाकींनी ह्या विद्यार्थ्यांना काम दिले नव्हते. त्यांना अशील मानले ते विद्यार्थ्यांनी, आपल्या मनाने. चांगल्या हेतूने का होईना, पण दुसऱ्याची गरज कोणती हे येथेही बाहेरच्यानेच ठरविले, असे म्हणण्यास जागा राहते. इंडियन लेखक व्हाइन डेलोरिया ह्यांनी १९६९ मध्ये मानवशास्त्रज्ञांवर जी सणसणीत टीका केली, तिचा रोख ह्याच वृत्तीवर होता. अभ्यासकाने आधी जमातीच्या मंडळाची परवानगी मागावी, आणि अभ्यासावर जेवढा खर्च होणार असेल तेवढीच रक्कम जमातीच्या निधीस द्यावी, अशी त्यांची सूचना होती. सूचना उपहासाची वाटते, पण हिशेब चोख आहे.

विद्यापीठीय अभ्यासक्रमात ह्या कामाला रीतसर स्थान मिळाले ते १९७४ मध्ये. त्या वर्षी दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाने उपयोजित मानवशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करणे हा त्याचा भाग ठरविला. डॉक्टरेटचा अभ्यासक्रम १९८४ मध्ये निघाला. पुढे इतर विद्यापीठांनीही ही वाट धरली. उत्तर टेक्सास विद्यापीठाने तर २००६ पासून असा अभ्यासक्रम ऑनलाइन उपलब्ध करून दिला.

अशा प्रकल्पाची सुरुवात संभाषणाने होते, आणि खरी अडचणही तेथेच असते. अशील आपला प्रश्न तयार करूनच आणतो. समजा, एखाद्या रुग्णालयाने विचारले की रोगी दिलेल्या वेळी का येत नाहीत. प्रश्नातच उत्तर गृहीत धरलेले आहे : रोगी बेफिकीर आहेत, त्यांना शिस्त लावण्याचा उपाय सुचवा. विद्यार्थी रुग्णालयात बसून प्रश्नावली भरून घेईल तर हेच उत्तर गोंडस शब्दांत परत देईल. तो रोग्यांच्या घरी गेला, त्यांच्याबरोबर बसची वाट पाहत उभा राहिला, तर रोजंदारीवरच्या माणसाला अर्धा दिवस बुडविणे परवडत नाही, हे त्याला दिसेल. मग प्रश्न रोग्यांच्या शिस्तीचा राहत नाही, तो रुग्णालयाच्या वेळापत्रकाचा होतो. हे अशिलाला पटेल असे सांगणे, ही ह्या शिक्षणातील सर्वांत अवघड परीक्षा होय.

त्यानंतर करार. काम किती आठवड्यांचे, अहवाल केव्हा द्यावयाचा, मुलाखतींच्या टिपणवह्या कोणी पाहावयाच्या, विद्यार्थ्याला प्रबंध प्रसिद्ध करता येईल की नाही, हे सारे आधी लिहून घेतलेले बरे. टिपणवह्यांचा मुद्दा विशेष नाजूक असतो. नोकराने मालकाविषयी विश्वासाने सांगितलेले चार शब्द मालकाच्या हाती पडले, तर त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागत नाही, नोकराला लागते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानंतर माणसांवरील संशोधनाची छाननी करणाऱ्या समित्या विद्यापीठांतून स्थिरावल्या. त्यांची संमतीही घ्यावी लागते.

उद्योगक्षेत्रातील एक उदाहरण उद्बोधक आहे. ज्युलियन ऑर हे झेरॉक्स कंपनीत काम करीत असताना कॉर्नेल विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होते. कंपनीची छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ प्रत्यक्षात कसे काम करतात, हा त्यांचा विषय. स्वतः ऑर ह्यांनी पूर्वी तंत्रज्ञाचे काम केलेले होते. कंपनीची समजूत अशी की उत्तम पुस्तिका छापून दिली म्हणजे तंत्रज्ञाने तीत सांगितल्याप्रमाणे करावे, यंत्र दुरुस्त होईल. ऑर तंत्रज्ञांबरोबर गिऱ्हाइकांकडे गेले, त्यांच्या न्याहारीच्या आणि जेवणाच्या बैठकींत बसले. तेथे त्यांना दिसले की अवघड बिघाड पुस्तिकेत सापडत नाहीत. ते सुटतात गप्पांतून. कोणते यंत्र कधी कसे फसवीत होते, ह्याच्या हकिकती तंत्रज्ञ एकमेकांना सांगत, आणि ह्या हकिकती म्हणजेच त्यांचे ज्ञानभांडार होते. वरून पाहणाऱ्याला जो वेळ वाया गेलेला दिसे, तोच कामाचा गाभा होता. हा प्रबंध १९९० मध्ये पूर्ण झाला व १९९६ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. तंत्रज्ञांनी आपले अनुभव एकमेकांना कळवावेत म्हणून कंपनीने पुढे युरेका नावाची व्यवस्था उभी केली.

येथे अशील आणि अभ्यासविषय झालेली माणसे ह्या दोघांचेही भले झाले. नेहमीच तसे होते असे नाही. अमेरिकी सैन्याने योजिलेला कॅमेलॉट प्रकल्प १९६५ मध्ये गाजावाजा होऊन रद्द झाला, आणि त्या पाठोपाठच्या वादांतून अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने १९७१ मध्ये आपली आचारतत्त्वे संमत केली. अभ्यासिलेल्या लोकांचे हित सर्वांच्या आधी, आणि गुप्त अहवाल लिहावयाचे नाहीत, असा त्यांचा आशय होता. खासगी कंपन्यांत काम करणाऱ्या सभासदांची संख्या वाढली तेव्हा दुसरी अट जाचक वाटू लागली. १९९० च्या सुधारित मसुद्यात ती सैल झाली. ह्यात व्यवहार आहे, पण काहीतरी गमावलेही आहे.

इरावती कर्वे आणि जाई निंबकर ह्यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा धरण उभे राहून काही वर्षे लोटली होती. ज्यांची घरे गेली त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे, तर ते धरणाच्या आधीच्या पाहणीतच ऐकावयास हवे असते. आणि तशी पाहणी कोणासाठी करावयाची, हा प्रश्न तेथेही उरतोच.

म्हणून काही प्राध्यापक विद्यार्थ्याकडून तीन लेखांची अपेक्षा धरतात. पहिला अहवाल अशिलासाठी : थोडका, शिफारशींसह, ठरल्या तारखेला. दुसरा प्रबंध विद्यापीठासाठी : अशिलाने न विचारलेले जे आढळले, त्याला येथे जागा असते. तिसरे टिपण ज्यांनी आपला वेळ दिला त्यांच्यासाठी, त्यांच्या भाषेत, दोन-चार पानांचे. हे टिपण सर्वांत शेवटी लिहावयाचे असते, आणि तोवर विद्यार्थ्याजवळचा वेळ व पैसा बहुधा संपत आलेला असतो.