'बॅटलिंग बटलर' : शेवटच्या मारामारीला गुण किती?

आठवीच्या वर्गाला मूकपटाची ओळख व्हावी म्हणून मी बस्टर कीटनचा 'बॅटलिंग बटलर' (१९२६) दाखवला. मधल्या इंग्रजी पाट्या आल्या की पडदा थांबवायचा आणि मराठीत सांगायचं, एवढंच काम. शेवटी बारकुडा नायक दांडगट बॉक्सरला बदडून काढतो तेव्हा मुलांनी बाकं वाजवली. तेवढ्यात मागून एक शांत मुलगा म्हणाला, "सर, त्याने मारलं नसतं, तर तो चांगला नव्हता का?"

मी 'धैर्य' असं फळ्यावर लिहून ठेवलं होतं. ते पुसावं की ठेवावं कळेना.

गोष्ट थोडक्यात अशी. आल्फ्रेड बटलर हा गडगंज घरातला लाडावलेला मुलगा. त्याच्या सिगारेटची राखसुद्धा नोकर झटकतो. जरा रानात राहा, पुरुष होशील, म्हणून वडील त्याला डोंगरात पाठवतात, तर तिथेही तंबूत सगळा राजेशाही थाट! एका डोंगरी मुलीवर त्याचा जीव जडतो. मागणी घालायला जातो तोही नोकरच. तिचे आडदांड बाप-भाऊ म्हणतात, असला लेचापेचा आमच्या घरात नको. मग नोकर थाप मारतो, की पेपरात येतो तो बॉक्सर 'बॅटलिंग' बटलर म्हणजे हाच. नाव सारखंच असल्याने थाप पचते आणि पुढे गळ्याशी येते.

त्या वेळच्या अमेरिकेत बॉक्सिंगचं वेड किती होतं, हे मुलांना सांगायला हवं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात डेम्प्सी आणि टनी यांची लढत बघायला सुमारे १,२०,००० माणसं जमली होती. मर्दानगीचं मोजमापच ठोशात चालायचं.

चित्रपट ज्या नाटकावरून घेतला, त्यात नायकाला प्रत्यक्ष लढावं लागत नाही. कीटनने ते बदललं. इतका वेळ लढतीची हवा करून लढतच दाखवली नाही तर प्रेक्षक खपवून घेणार नाहीत, असा त्याचा हिशोब. पण त्याने ती रिंगणात ठेवली नाही. खरा बटलर सामना जिंकून येतो आणि कपडे बदलायच्या खोलीत आल्फ्रेडला उगाच मारत सुटतो. बायको बघते आहे हे कळल्यावर आल्फ्रेड उलटतो. इथे विनोद संपतो, मार खरा वाटतो. बॉक्सिंगकडे बघण्याची योग्य दृष्टी सिनेमात फक्त कीटनकडेच होती, असं 'रेजिंग बुल' करणारे मार्टिन स्कोर्सेसी म्हणाले होते.

आता मूल्यमापनाचा मुद्दा. एक मत असं, की आधी मर्दानगीची टर उडवून शेवटी चित्रपट तिलाच शरण जातो. मला हे निम्मंच पटतं. मारून झाल्यावर आल्फ्रेड कबूल करतो की मी तो बॉक्सर नाहीच, आणि बायको म्हणते, बरं झालं! तिने त्याला निवडलं तेव्हा त्याला मूठ वळायलाही येत नव्हती. बॉक्सर हवा होता तो बाप-भावांना. मात्र श्रीमंतीवर चित्रपट फारसं बोट ठेवत नाही. राबणारा नोकर शेवटपर्यंत राबतोच. मुलांच्या हे सहसा लक्षात येत नाही, मुद्दाम विचारावं लागतं.

पुढच्या वर्षी मी चित्रपट त्या खोलीच्या दारापाशीच थांबवला आणि शेवट लिहायला सांगितला. बऱ्याच मुलांनी हाणामारी लिहिली. एका मुलीने लिहिलं, "तो आधीच खरं सांगतो. बायको 'बरं झालं' म्हणते. सासरा चिडतो." पाचपैकी पाच दिले.

पालकांनी घरी दाखवायचा असेल तर शेवटची दहा मिनिटं आधी स्वतः बघून घ्यावीत. लहान मुलं त्या माराने दचकतात. माझी धाकटी तर उठून स्वयंपाकघरात गेली.