हात न लावूं देणाऱ्या घोड्याचा खरारा

टांग्याचे घोडे आमच्या मराठवाड्यांतील रस्त्यांवरून बहुतेक नाहींसे झाले. मुरुडच्या मुलांस आतां घोडा दिसतो तो बहुधा वरातींत. तथापि घोड्यांचा व्यवहार अगदींच संपला आहे असें नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते, आणि तेथील घोड्यांचा बाजार आजही प्रसिद्ध आहे. घेणारा मनुष्य दांत पाहून वय ठरवितो, चाल पाहतो, अंगावरील भोवरेही पाहतो. परंतु घोडा अंगास हात लावूं देतो कीं नाहीं, हें पुष्कळदां घरीं आल्यावरच कळतें. खरारा हातीं घेतांच तो अंग चोरतो, कान मागें पाडतो, प्रसंगीं लाथही झाडतो. मग लोक त्यास खोडीचा ठरवितात आणि चाबूक पुढें येतो. ही समजूत बहुधा चुकीची असते, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम खरारा कशासाठीं करावयाचा, तें पाहूं. त्यानें घाम, धूळ व मेलेले केस निघतात हें खरें. पण त्याहून मोठा लाभ असा कीं, रोज सर्वांगावर हात फिरल्यामुळें खोगिराखालची जखम, गोचीड किंवा पायाची सूज वेळींच सांपडते. जो घोडा हात लावूं देत नाहीं, त्याचें दुखणें झांकलेलें राहतें. म्हणून त्याचा विश्वास मिळविणें हेंच खरें काम होय.

घोडा अंग कां चोरतो? त्याची त्वचा इतकी तीव्र असते कीं, एक माशी बसली तरी त्यास कळतें, आणि कातडीखालील पातळ स्नायु हालवून तो ती उडवितो. पोट, कूस व मागील मांड्यांची आंतली बाजू हे भाग विशेष नाजूक. लोखंडी खरारा तेथें चालविल्यास त्यास वेदनाच होतात. दुसरें कारण भय. ज्याचे कान पिळून त्यास वठणीवर आणलें गेलें, तो पुढें डोक्याकडे येणाऱ्या प्रत्येक हातास भितो. तिसरें कारण दुखणें. कालपर्यंत शांत असलेला घोडा आज एकाएकीं हात लावूं देईनासा झाला, तर त्यास मारूं नये, पशुवैद्यास दाखवावें.

आतां रीत सांगतों. घोड्यास थेट पाठीमागचें दिसत नाहीं, व कपाळासमोर अगदीं जवळचेंही दिसत नाहीं. म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूनें जावें. आरंभीं साधन घेऊं नये, नुसता तळहात ठेवावा. मान जेथें पाठीस मिळते त्या उंचवट्यापाशीं घोडे एकमेकांस दांतांनीं खाजवितात. तेथें खाजविल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. तेथूनच प्रारंभ करावा. स्पर्श सावकाश पण भरीव असावा. निसटता स्पर्श माशीसारखा वाटून घोडा अधिकच चिडतो. हात हळूहळू नाजूक भागाकडे न्यावा, आणि घोडा स्वस्थ उभा आहे तोंच काढून घ्यावा. त्यानें पाय उचलल्यावरच आपण हात काढूं लागलों, तर पाय उचलल्यानें सुटका होते एवढेंच तो शिकेल. हात सोसूं लागल्यावर मऊ फडकें, मग मऊ ब्रश. लोखंडी खरारा पोट, पाय व तोंड यांवर कधींच चालवूं नये. घोड्याचें डोकें हाडाळ असल्यामुळें तें लांकडी वा लोखंडी साधनानें न घांसतां पाण्यानें धुवावें, असें झेनोफन या ग्रीक लेखकानें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. रागाच्या भरांत घोड्याशीं कधीं वागूं नये, हाही त्याचाच उपदेश.

सावधगिरी मात्र सोडूं नये. मागें उभें राहूं नये. पायांशीं बसूं नये. दोर हातास गुंडाळूं नये. कान मागें पडले, शेपटी फटकारूं लागली किंवा मागचा पाय उचलला, कीं बाजूस व्हावें व पुढील खेपेस त्या आधींच थांबावें. मुलांनीं हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून करूं नये. पालकांसही विनंती कीं, पहिल्याच दिवशीं सबंध खरारा पुरा करण्याचा आग्रह धरूं नये.

कोणी म्हणेल, ज्यावर बसावयाचें नाहीं त्या घोड्यासाठीं एवढे कष्ट कशास? नांदेडास, जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांचा अंत झाला, तेथील गुरुद्वाऱ्यांत आजही घोडे पाळलेले आहेत, आणि ते गुरूंच्या घोड्याच्या वंशांतले मानले जातात. मिरवणुकींत मानाचा घोडा रिकाम्या पाठीनें पुढें चालतो. तरीही त्याची निगा रोज राखावीच लागते. खरारा स्वाराच्या सोयीसाठीं नसून घोड्याच्या आरोग्यासाठीं असतो.

मुक्या प्राण्यास आपलें दुखणें बोलून सांगतां येत नाहीं. अंग चोरणें हीच त्याची भाषा होय. ती जो समजून घेईल त्याच्यापुढें आज लाथ झाडणारा घोडा उद्यां आपण होऊन मान पुढें करील.